बाईला तिकीट हवंच, पण ते फक्त आमच्याच राखीव जागेवर का?



९ ऑगस्टला जव्हारमध्ये जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक निघते. पुढे तारपा, मागे एकमेकींच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्या बाया. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, सगळ्याच. मिरवणूक संपते, सभा सुरू होते आणि मंचावरच्या खुर्च्यांत पुरुष जाऊन बसतात. बाया समोर खाली. १४ एप्रिलला आमच्या जयंतीतही फार वेगळं नसतं. पंचशील घ्यायला बाई पुढे, मेणबत्ती लावायला बाई पुढे, भाषणाची वेळ आली की माईक फिरतो तो दादा, भाऊ, साहेब यांच्यातच. स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजण्याचा बाबासाहेबांचा विचार मात्र मागच्या बॅनरवर मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

या वर्षी त्या सभेनंतर चहाच्या टपरीवर आमच्यातच वाद पेटला. विषय होता : लोकसभेच्या निवडणुकीत पक्षांनी ठरावीक प्रमाणात स्त्री उमेदवार दिलेच पाहिजेत, असा कायदा असावा का? एक तट म्हणाला, असलाच पाहिजे. दुसरा तट म्हणाला, ही पुणे कराराचीच नवी आवृत्ती आहे, प्रस्थापित पक्ष आपल्या मर्जीतल्या बाया उभ्या करतील आणि आपण टाळ्या वाजवू. दोन्ही तटांत आमचेच मित्र होते, दोन्हीकडे प्रामाणिकपणा होता. म्हणून हा वाद टपरीवर न सोडता इथे मांडतो आहोत. आमची भूमिका आधीच सांगतो. तिकिटाची सक्ती हवी, आत्ताच हवी. पण तिचा हिशेब खुल्या आणि राखीव जागांचा वेगवेगळा मांडला नाही, तर ती सक्ती आमच्याच पाठीवर उभी राहील.

आमच्या दोन तालुक्यांचा हिशेब

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतले. १९९६ च्या पेसा कायद्यामुळे इथली सरपंचपदं आदिवासींसाठीच राखीव आहेत. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना पन्नास टक्के आरक्षण आलं. म्हणजे आमच्याकडे जवळपास निम्म्या गावांची सरपंच आदिवासी बाई असते. पंचायत समितीत, जिल्हा परिषदेतही तेच प्रमाण.

आता एक पायरी वर चढा. जव्हार-मोखाडा विक्रमगड विधानसभा मतदारसंघात येतात. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तिथे चार निवडणुका झाल्या : २००९ ला चिंतामण वनगा, २०१४ ला विष्णू सवरा, २०१९ ला सुनील भुसारा, २०२४ ला हरिश्चंद्र भोये. चारही पुरुष. पालघर लोकसभा मतदारसंघात २०१८ ची पोटनिवडणूक धरून पाच निवडणुका झाल्या : बळीराम जाधव, चिंतामण वनगा, दोनदा राजेंद्र गावित, आणि २०२४ ला डॉ. हेमंत सवरा. पाचही वेळा पुरुष. जागा आदिवासींसाठी राखीव, पण दिल्लीला जाणारा आदिवासी मात्र नेहमी पुरुषच.

२०२४ ला एका मोठ्या पक्षानं, शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटानं, भारती कामडी यांना उभं केलं. त्या १ लाख ८३ हजारांच्या फरकानं हरल्या, पण दुसऱ्या आल्या, ४ लाखांहून अधिक मतं घेतली. त्या जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष. म्हणजे ज्या पायरीपर्यंत कायद्यानं बाईला चढवलं, तिथून एक बाई लोकसभेच्या दारापर्यंत आली. आमचा मुद्दा इथेच आहे. खालची शिडी कायद्यानं बांधली, म्हणून तिच्यावर बाया चढल्या. वरची शिडी पक्षांच्या मर्जीवर सोडली, म्हणून तिथे बाई क्वचितच दिसते.

सगळ्या महाराष्ट्राचं चित्र बघा. २०२४ ला ४८ पैकी ७ स्त्रिया निवडून आल्या. राखीव जागा नऊ आहेत : पाच अनुसूचित जातींच्या, चार अनुसूचित जमातींच्या. या नऊपैकी बाई फक्त एका जागेवर, सोलापुरात प्रणिती शिंदे. नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर या चारही आदिवासी जागांवर एकही नाही. २०१९ ला नंदुरबारहून हीना गावित आणि दिंडोरीहून भारती पवार होत्या, त्याही २०२४ ला पडल्या.

देशभरात त्या निवडणुकीत ८,३६० उमेदवार होते, त्यात स्त्रिया ८००. दहातली एकसुद्धा नाही. १५२ मतदारसंघांत तर एकही बाई उभी नव्हती, तिथल्या मतदाराला बाईला मत देण्याची सोयच नव्हती. निवडून आल्या ७४. "बाई निवडून येत नाही" म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं : उभ्या राहिलेल्या शंभर स्त्रियांमागे नऊ जिंकल्या, शंभर पुरुषांमागे सहा. पुरुषांत अपक्षांची गर्दी जास्त असते हे मान्य, म्हणून या आकड्यावरून स्त्रिया जास्त लोकप्रिय असतात असं आम्ही म्हणणार नाही. पण मतदार बाईला नाकारतो, हे तरी यातून सिद्ध होत नाही. तिला नाकारलं जातं ते तिकीटवाटपाच्या बंद खोलीत.

दिल्लीत बाई असून आमच्या पाड्याला काय?

हा प्रश्न आम्हाला पाड्यावर विचारला जातो, आणि तो रास्त आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मरकटवाडीत एका बाईची वेळेआधी प्रसूती झाली, जुळी बाळं गेली. रक्तस्राव होणाऱ्या त्या आईला झोळीत घालून, चिखलाच्या वाटेनं, माणसांनी खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. देशभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी केली. त्याआधी तीस वर्षांपूर्वी, १९९२-९३ ला, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली तेव्हाही बातम्या झाल्या होत्या. मध्य वैतरणा धरण मोखाड्यातल्या कोचाळ्याला उभं आहे, पाणी मुंबईला जातं. आमच्या बाया एप्रिल-मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात.

यातलं काय ग्रामपंचायतीच्या हातात आहे? अंगणवाडीचा पैसा कुठून येतो, रोजगार हमीचा दर किती, वनजमिनीतून रस्ता काढायला परवानगी कोण देतं, वनहक्काचा कायदा काय म्हणतो, रेशनवर किती धान्य मिळतं : यातल्या बहुतेक गोष्टींचा उगम संसदेत आहे. वनहक्क कायदा २००६ चा, रोजगार हमीचा मूळ २००५ चा, अन्न सुरक्षेचा २०१३ चा. पाड्यावर जे दुखतं त्याचं औषध जिथे ठरतं, तिथे दुखणारी बसलेली नाही.

बाई असली की आपोआप भलं करते, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. पण अनुभवाला वजन असतं. एस्थर डफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ ला दाखवलं की आरक्षणातून बाई प्रमुख झाली तिथे पंचायतीचा पैसा स्त्रियांनी मागितलेल्या कामांकडे, विशेषतः पिण्याच्या पाण्याकडे, जास्त वळला. आणि बाबासाहेबांनी तर १९२८ लाच मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूनं उभं राहून बाळंतपण ही बाईची खाजगी बाब नाही, हे सांगितलं होतं. त्या सभागृहात बाळंतपणाबद्दल बोलायला एका पुरुषाला उभं राहावं लागलं. ते बाबासाहेब होते हे आमचं भाग्य. पण प्रत्येक वेळी बाबासाहेब कुठून आणायचे?

कायदा झालाय, मग आता कशाला?

सप्टेंबर २०२३ ला १०६ वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही एक तृतीयांश त्या-त्या समाजाच्या स्त्रियांना. ऐकायला छान. पण ३३४अ कलम वाचा. हे आरक्षण लागू होणार ते पुढच्या जनगणनेचे आकडे आल्यावर, त्यावरून मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर. २०२१ ची जनगणना झालीच नाही. १६ जून २०२५ ला नव्या जनगणनेची अधिसूचना निघाली, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. त्यानंतर आकडे, त्यानंतर पुनर्रचना आयोग, त्यानंतर दक्षिण-उत्तरेचा जागांवरून होणारा झगडा. जेवणाचं ताट वाढून ते माळ्यावर ठेवलं आणि शिडी आणायला माणूस पाठवला, असा हा प्रकार.

तिकिटाच्या सक्तीला यातलं काहीच लागत नाही. ना जनगणना, ना पुनर्रचना. लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करायची : मान्यताप्राप्त पक्षानं प्रत्येक राज्यात किमान इतके स्त्री उमेदवार दिलेच पाहिजेत. ही कल्पना नवी नाही. निवडणूक आयुक्त असताना मनोहरसिंग गिल यांनी ती मांडली होती. घटनेच्या १५(३) कलमात स्त्रियांसाठी विशेष तरतुदीला वाव आहेच. साधं बहुमत लागतं, संसदेच्या एका अधिवेशनाचं काम आहे.

मग आम्ही सरळ हो का म्हणत नाही? कारण पुणे करार.

पुणे कराराचा धडा

टपरीवरच्या दुसऱ्या तटाचं म्हणणं हलक्यानं घेण्यासारखं नाही. १९३२ च्या जातीय निवाड्यात बाबासाहेबांनी मिळवलेला स्वतंत्र मतदारसंघ २४ सप्टेंबरच्या करारात गेला. त्या बदल्यात संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा आल्या. जागा वाढल्या, पण आपला माणूस निवडण्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली. १९५२ ला उत्तर मुंबईत राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब हरले आणि काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. पन्नास वर्षांनी, १९८२ ला, कांशीराम साहेबांनी 'चमचा युग' लिहून या व्यवस्थेचं नाव ठेवलं.

पालघरमध्ये हे आम्ही दर निवडणुकीत बघतो. मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव, पण त्यात वसई आणि नालासोपारा हे दोन मोठे शहरी विधानसभा मतदारसंघ आहेत. मोखाड्याची मतं तिथल्या मतांपुढे मूठभर. त्यामुळे उमेदवार ठरवताना पक्ष मोखाड्याच्या पाड्याला विचारत नाही. मग अशा जागेवर बाई दिली, तरी ती कुणाची बाई असेल?

मान्य. पण मग हाच प्रश्न आजच्या पुरुष खासदारांना का विचारला जात नाही? त्यांना कोणत्या पाड्यानं निवडलं? चमचेगिरीचं मूळ तिकीट देणाऱ्या हातात आहे. बाईला बाहेर ठेवून तो हात काही सुटणार नाही. पुणे करारातला दोष दाखवून दलितांनी राखीव जागा सोडल्या नाहीत. त्या धरून ठेवल्या आणि आत लढले. बाईच्या बाबतीतच आम्हाला अचानक शुद्धतेचा पुळका का यावा?

ओडिशानं दाखवलेला खड्डा

मात्र एका ठिकाणी दुसऱ्या तटाची शंका शंभर टक्के खरी आहे, आणि तिचा पुरावा ओडिशात आहे.

२०१९ च्या लोकसभेला बिजू जनता दलानं, कायदा नसताना, २१ पैकी ७ तिकिटं स्त्रियांना दिली. एक तृतीयांश. देशभर कौतुक झालं. पाच जिंकल्या. आस्क्यातून बचत गटाच्या प्रमिला बिसोई आल्या, केओंझरमधून २५ वर्षांची आदिवासी मुलगी चंद्राणी मुर्मू लोकसभेची सर्वांत तरुण सदस्य झाली. आनंद आम्हालाही झाला.

आता त्या सात जागा मोजा. आस्का ही एक खुली. बाकीच्या सहा : जाजपूर, भद्रक, जगतसिंगपूर या अनुसूचित जातींच्या. केओंझर, सुंदरगड, कोरापूट या जमातींच्या. ओडिशात राखीव जागा आठ, खुल्या तेरा. आठ राखीव जागांपैकी सहांवर बाई, तेरा खुल्या जागांपैकी एकीवर. म्हणजे खुल्या जागांवरच्या बारा पुरुषांची तिकिटं शाबूत राहिली. स्त्री-न्यायाची किंमत जवळजवळ सगळी दलित-आदिवासी जागांनी भरली आणि पुरोगामीपणाचं श्रेय पक्षाला मिळालं.

हा योगायोग नाही. राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का येन्सेनियस यांनी भारतातल्या उमेदवारीचा अभ्यास करून २०१६ ला हाच कल दाखवला : पक्षांना स्त्रिया उभ्या करायचा दबाव येतो तेव्हा ते त्या राखीव जागांकडे ढकलतात, कारण तिथला पुरुष उमेदवार पक्षात कमजोर असतो, त्याला हलवणं सोपं असतं. खुल्या जागेवरच्या साखरसम्राटाला, शिक्षणसम्राटाला हलवायची हिंमत कुणात नसते.

महाराष्ट्रात आज चित्र उलटं आहे, सातपैकी सहा स्त्रिया खुल्या जागांवरून आल्या. कारण आपल्याकडे अजून दबावच आलेला नाही. उद्या सक्तीचा कायदा झाला आणि त्यात फक्त "एकूण तिकिटांच्या एक तृतीयांश" एवढंच लिहिलं, तर ४८ पैकी १६ हा आकडा पक्ष कसा गाठतील? नऊ राखीव जागांवरून सुरुवात करतील. मग आमच्याच वस्तीत भांडण लागेल. दलित पुरुष दलित बाईला म्हणेल, तू माझी जागा खाल्लीस. आणि ज्यांनी पिढ्यान्पिढ्या खुल्या जागा अडवल्या ते बाजूला बसून म्हणतील, बघा, यांच्यातच एकी नाही.

जात आणि पुरुषसत्ता या एकमेकींच्या बहिणी आहेत. एकीशी लढायला दुसरीची मदत घेतली की दोघी जिंकतात. म्हणून आमची अट साधी आहे : हिशेब तीन वह्यांत मांडा. खुल्या जागांच्या तिकिटांत किमान एक तृतीयांश स्त्रिया, अनुसूचित जातींच्या जागांत एक तृतीयांश, जमातींच्या जागांत एक तृतीयांश. एका वहीतली तूट दुसऱ्या वहीतून भरायची नाही. १०६ व्या घटनादुरुस्तीत जागांचा हिशेब असाच वेगळा आहे, मग तिकिटांचा का नको? महाराष्ट्रात याचा अर्थ सगळ्या जागा लढवणाऱ्या पक्षाला ३९ खुल्या जागांपैकी १३ ठिकाणी बाई द्यावी लागेल.

पडीक जागांचं दान नको

दुसरा खड्डा हरणाऱ्या जागांचा. फ्रान्समध्ये २००० ला निम्मी तिकिटं स्त्रियांना देण्याचा कायदा झाला, न दिल्यास सरकारी अनुदानात कपात. मोठ्या पक्षांनी कपात सोसली, पुरुष उभे केले. १९९७ ला संसदेत स्त्रिया १०.९ टक्के होत्या, कायद्यानंतर २००२ ला १२.३ टक्के झाल्या. एवढ्या गाजावाज्यानंतर दीड टक्का. उत्तर प्रदेशात २०२२ ला काँग्रेसनं ४० टक्के तिकिटं स्त्रियांना दिली. पक्षाला जागाच दोन मिळाल्या, त्यातली एक बाई. शेजारच्या नेपाळमध्ये राज्यघटनेनं संसदेत एक तृतीयांश स्त्रिया बंधनकारक केल्या. पक्षांनी त्या प्रमाणशीर यादीतून भरल्या आणि २०२२ ला थेट लढतीच्या १६५ जागांवर फक्त ९ स्त्रिया जिंकल्या. मात्र त्या यादीत दलित, जनजाती, मधेशी यांचेही वाटे ठरलेले आहेत. जात आणि बाई यांचा हिशेब एकत्र मांडता येतो, एवढं तरी नेपाळनं दाखवून दिलं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, दंड नको. श्रीमंत पक्ष दंड भरतो, गरीब पक्ष मरतो. कोटा पूर्ण नसेल तर त्या राज्यात पक्षाचे एबी फॉर्मच स्वीकारू नका. चिन्ह नाही तर निवडणूक नाही, एवढं कळल्यावर उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधी सगळ्या पक्षांना लायक बाया सापडतील. दोन, गेल्या निवडणुकीत पक्ष जिथे जिंकला किंवा दुसरा आला, त्या जागांतही एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. अनामत जप्त होणाऱ्या जागेवर बाईला उभं करून आकडा भरायचा, हा धंदा बंद.

"नवराच कारभार बघतो"

हा आक्षेप सगळ्यात जुना. सरपंचपती आम्हीही बघितलेत, खुर्चीवर बसलेले बघितलेत. पण मोखाड्यातल्या एका पाड्यावरच्या माजी सरपंच ताईंनी आम्हाला जे सांगितलं ते ऐका. "दादा, पहिल्या वर्षी नवरा म्हणाला तिथं सही केली. दुसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला विचारायला लागले, हे बिल कशाचं? तिसऱ्या वर्षी नवराच मला विचारून बोलायला लागला. कारभार कळला आणि पाच वर्षं संपली. सोडत निघाली, आमची जागा फिरली."

बाई अडाणी असते म्हणून कारभार नवऱ्याकडे जातो असं नाही. तिला शिकायला वेळच दिला जात नाही. शिवाय तिच्यासाठी नियम वेगळे. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. किती मुलं व्हावीत हे ज्या बाईच्या हातात नसतं, तिचंच पद जातं. खासदार-आमदाराला मात्र मुलांची मर्यादा नाही. छोट्या पदाला मोठी अट आणि मोठ्या पदाला अटच नाही, हा कुठला न्याय?

घराणेशाहीचं म्हणाल तर हीना गावित माजी मंत्र्याची मुलगी, भारती पवार माजी मंत्र्याची सून, प्रणिती शिंदे माजी मुख्यमंत्र्यांची मुलगी. खरं आहे. आणि हेमंत सवरा कुणाचे चिरंजीव? नंदुरबारचे गोवाल पाडवी कुणाचे? मुलगा आला की वारसा, मुलगी आली की घराणेशाही, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. घराणेशाही संपवायची तर दोघांचीही संपवा. संख्या वाढली तरच घराण्याबाहेरची बाई येईल. राज्यात पाच-सात तिकिटं असतील तर ती घरातच वाटली जातात. सोळा वाटायची झाली की घरं कमी पडतात.

पैशाचं तर बोलूच नका. लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराची अनामत १२,५०० रुपये, म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजानं रोजगार हमीवर चाळीस दिवस राबल्याची मजुरी. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जाणारी कातकरी बाई हे कुठून आणणार? म्हणून नुसतं तिकीट पुरणार नाही, स्त्री उमेदवाराचा खर्च पक्षानं उचलला पाहिजे आणि त्याचा हिशेब जाहीर केला पाहिजे.

"आधी कोट्यात कोटा"

ओबीसी स्त्रियांचा वाटा हवा, ही मागणी आमचीही आहे. १९९६ ला गीता मुखर्जी समितीनंही ओबीसी स्त्रियांचा विचार व्हावा असं नोंदवलं होतं. २०२३ च्या कायद्यात तो नाही, हा अन्यायच आहे. पण या मागणीचा इतिहासही बघा. १९९६ पासून २०१० पर्यंत, आणि २०१० ला राज्यसभेत विधेयक मंजूर झाल्यावरही, "आधी कोट्यात कोटा" म्हणत ते अडवणाऱ्या पक्षांनी स्वतःच्या यादीत किती ओबीसी बायांना तिकीट दिलं? मागणी खरी, पण ती बोलणाऱ्यांपैकी अनेकांचा हेतू खोटा. तिकिटाच्या सक्तीत हा प्रश्न सोडवणं सोपंही आहे. लोकसभेत ओबीसींना राखीव जागा नाहीत, त्यामुळे खुल्या जागांच्या स्त्री-कोट्यात ओबीसी, मुस्लिम आणि भटक्या-विमुक्त स्त्रियांचा किमान वाटा पक्षांवर बंधनकारक करता येतो. ते मागू या, पण ते मिळेपर्यंत सगळ्याच बायांना बाहेर उभं करू नका.

आमचं आम्ही काय करणार?

कायदा दिल्लीत होईल तेव्हा होईल. आमच्या चळवळीला कुणी अडवलंय?

१९४२ च्या जुलैमध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो बाया आल्या, ठराव केले, बाबासाहेबही तिथे हजर होते. ज्या समाजाच्या बाया ऐंशी वर्षांपूर्वी अध्यक्षपद भूषवत होत्या, त्या समाजाच्या आजच्या पक्षांच्या तालुका कमिट्या बघा. "महिला आघाडी" नावाचं वेगळं खातं आणि त्यात पाच नावं. शेजारच्या नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी रिपब्लिकन चळवळीला आयुष्य दिलं, विधान परिषदेवर गेल्या. त्यांच्यानंतर आम्ही किती शांताबाई घडवल्या?

पुणे करारात एक तरतूद होती, ती आम्ही विसरलो. राखीव जागेवर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची प्राथमिक निवड करायची आणि मग त्यांतल्या एकाला सगळ्या मतदारांनी निवडायचं. दहा वर्षांसाठी होती, पुढे गेली, घटनेतल्या राखीव जागांत आली नाही. आपला माणूस आपण निवडावा हा बाबासाहेबांचा हट्ट त्यात शिल्लक होता. आंबेडकरी पक्षांना ती पद्धत स्वतःच्या घरात आणायला कुणाची परवानगी लागत नाही. पालघरची जागा लढवायची असेल तर जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरीत गावोगावच्या आदिवासी-बौद्ध बायांची सभा घ्या. त्यांना चार नावं निवडू द्या. त्या चारांतून पक्षानं उमेदवार द्यावा. मग कुणी म्हणणार नाही की ही कुणाच्या तरी मर्जीतली बाई आहे.

टपरीवरच्या आमच्या दोन्ही तटांना हेच सांगणं आहे. सक्ती नको म्हणणाऱ्या मित्रांनो, तुमची भीती खरी आहे, म्हणून ती कायद्यात अट बनवून लिहायला लावा, घरी बसून राहू नका. सक्ती हवी म्हणणाऱ्या मित्रांनो, घाईत सही करू नका, आधी हिशेब तीन वह्यांत आहे का ते तपासा.

आणि दोघांनाही एक काम, ज्याला संसद लागत नाही. येत्या ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेत मंचावरच्या निम्म्या खुर्च्या बायांना द्या. मेणबत्ती लावायला नाही, बोलायला. तेवढंही आपल्याला जमत नसेल, तर दिल्लीकडून मागायचा आपल्याला अधिकार नाही.

जय भीम! जय सावित्री! जोहार!